सतरा तारखा

तिने श्वास रोखून धरला आणि पांढऱ्या पेटीचे दार उघडले.

हा परिपाठ तिला सासऱ्यांनी घालून दिलेला होता. चहूबाजूंनी झडपा असलेल्या त्या लाकडी पेटीत टांगलेले तापमापक इतके हळवे, की वाचणाऱ्याच्या तोंडची वाफ लागली तरी पारा चळायचा. म्हणून श्वास आवरायचा, डोळा पाऱ्याच्या टोकाशी समपातळीत आणायचा, आधी दशांश टिपायचा आणि मग अंश. कारण माणसाच्या अंगच्या उबेने पहिल्यांदा ढळतो तो दशांश, अंशाला त्याहून पुष्कळ धीर असतो. एकोणीस वर्षे ती रोज दोनदा, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच वाजता, असेच करीत आली होती. आज मात्र तिला एकच आकडा तीन वेळा वाचावा लागला. पारा स्थिर होता. स्थिर नव्हते ते तिचे लक्ष.

बावीस अंश चार दशांश. तिने दार लावले, श्वास सोडला आणि लगतच्या खोलीत जाऊन नोंदवहीच्या रकान्यात आकडा लिहिला. शाई वाळेपर्यंत ती पानाकडे बघत राहिली. मग तिचा हात आपण होऊन पर्सच्या आतल्या कप्प्याकडे गेला. कागद होता. चार घड्या घातलेला, आणि आठवडाभर उघडून मिटून त्या घड्यांवर मऊ पडलेला.

त्याच दुपारी तीन वाजता विद्यापीठात तिची मुलाखत होती. पीएच.डी.साठी तिला प्रवेश द्यायचा की नाही, ते तिथे ठरायचे होते. टेकडीवरच्या या लहानशा वेधशाळेत सलग एकोणचाळीस वर्षे नोंदी झाल्या होत्या. पहिली वीस वर्षे अण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी घेतलेल्या, आणि पुढची एकोणीस तिने. एवढ्या काळात इथल्या संध्याकाळी किती तापत गेल्या, हा तिच्या संशोधनाचा विषय. आराखडा लिहायला बसली तेव्हा तिला वाटले होते, इतका भक्कम आधार दुसऱ्या कुणापाशी असणार? आणि मग तिने जुन्या वह्या काढल्या, पाने उलटली, आणि तिच्याच अक्षरातल्या सतरा संध्याकाळी तिच्याकडे बघू लागल्या.

त्या सतरा संध्याकाळी ती टेकडीवर आलेलीच नव्हती.

एकदा ती तापाने फणफणली होती. एकदा आईचे शेवटचे दिवस होते. एकदा मुलीच्या शाळेतल्या नाटकाला दुसऱ्या रांगेत बसून राहिली होती, कारण मुलगी झाड झाली होती आणि झाडाला शेवटपर्यंत रंगमंचावर उभे राहायचे होते. एका तारखेला तर काहीच कारण नव्हते. कंटाळा आला होता, एवढेच. रकाना रिकामा राहिला की मुख्य कार्यालयाकडून खुलासा मागणारे पत्र येई, आणि असे पत्र अण्णांच्या काळापासून या वेधशाळेला कधी आलेले नव्हते. तेव्हा दुसऱ्या दिवशी तिने अलीकडच्या आणि पलीकडच्या संध्याकाळचा मध्य काढला, तो फार सरळ दिसू नये म्हणून दोन दशांशांनी सरकवला आणि लिहून टाकला. हे इतके सोपे निघाले, की पुढच्या खेपेला भीतीसुद्धा वाटली नव्हती. त्या सतरा खेपांना न वाटलेली सगळी भीती आता एकत्र जमून आली होती.

कागदावर त्या तारखा होत्या. तो दाखवावा, तर नोकरी जाईल, प्रवेश तर जाईलच. न दाखवावा, तर पुढची चार-पाच वर्षे आपल्याच खोटेपणावर आलेख काढीत बसायचे.

घर टेकडीच्या पायथ्याशीच होते; चौसष्ट पायऱ्या उतरल्या की दार. आत अण्णा वर्तमानपत्र हातभर लांब धरून बसले होते.

"अरे, माझा चष्मा कुठे गेला?" ते मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, विचारीत होते.

"नाकावर आहे, अण्णा."

"हा नव्हे. दुसरा."

"दुसरा कधी नव्हताच."

"मग छपाईच खराब आहे," असे म्हणून त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले.

तिचा नवरा औषधांचे दुकान चालवीत असे. बुटाची नाडी बांधता बांधता त्याने तिच्याकडे पाहिले.

"काय डॉक्टर, झाली का तयारी?"

"अजून कुठे डॉक्टर?"

"होशील गं. कुणाला वाचता येणार नाही असं अक्षर कसं काढायचं, तेवढं मी शिकवीन. रोज बघतो मी चिठ्ठ्या."

एरवी ती हसली असती. तिने फक्त पदर सारखा केला आणि विचारले, "संध्याकाळच्या नोंदीचं काय करायचं? बदली निरीक्षकाची जागा अजून भरलेली नाही. मला यायला उशीर होणार."

"मी दुकान लवकर बंद करतो आणि जातो."

"तू गोळ्या मोज," अण्णा म्हणाले. "मी जाईन."

"अण्णा, तीन वर्षांत वर चढला नाहीत तुम्ही."

"पायऱ्या जागच्या हलल्या आहेत का?"

तिने वेधशाळेची किल्ली त्यांच्या हाती दिली. अण्णांच्या डोक्यावरच्या भिंतीवर चौकटीत त्यांचे प्रशस्तिपत्र टांगलेले होते. सलग वीस वर्षे एकही नोंद न चुकवल्याबद्दल मुख्य कार्यालयाने दिलेले. काच रोज पुसली जाई, आणि पुसणारी तीच होती. आज निघताना तिने त्या काचेकडे पाहिले नाही.

बसथांब्यावर मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी शिकत होती. बावीस वर्षांची झाली होती, तरी आईला धीर देताना तिचा आवाज झाडाचे काम करणाऱ्या त्या मुलीसारखा गंभीर होई.

"आई, घाबरू नकोस. संध्याकाळचा आकडा चोवीस पूर्णांक सहा आला की समज, झालं काम."

"इतकं सोपं असतं का गं?"

"माझा आकडा आहे तो. माझ्यावर विश्वास नाही?"

चोवीस अंश सहा दशांश हे घरातले दैवत होते. मुलगी जन्मली त्या दिवशीची ती संध्याकाळची नोंद, अण्णांच्या टपोऱ्या अक्षरातली. दर वाढदिवसाला तिची आई ते पान काढून तिला दाखवी, आणि तिचा बाप शेजारी उभा राहून तीच ती गोष्ट रंगवून सांगे: त्या दिवशी अण्णा पहाटेपासून बाळ रडेपर्यंत, म्हणजे रात्री आठपर्यंत, दवाखान्याच्या व्हरांड्यात कशा येरझाऱ्या घालत होते, आणि शेवटी परिचारिका कशी म्हणाली होती, की आजोबा, आता बसा, नाहीतर तुमच्यासाठीही एक खाट घालावी लागेल. मुलीने आपल्या प्रवासी पेटीच्या कुलपालाही तेच तीन आकडे लावले होते. दोन, चार, सहा.

बसमध्ये तिने कागद न दाखवण्याचे ठरवले. पुढच्या थांब्यापर्यंत तो दाखवण्याचे ठरवले. विद्यापीठाच्या फाटकाशी उतरली तेव्हा काय ठरले होते, ते तिला आठवेना.

विभागाच्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर पाच-सहा उमेदवार बसले होते. सगळे तिच्या मुलीच्या बरोबरीचे. तिला बघून त्यांतला एक तरुण चटकन उठून उभा राहिला.

"मॅडम, मुलाखती किती वाजता सुरू करणार?"

"मी घेणारी नाही रे. देणारी आहे."

तो ओशाळला, मग सरकून त्याने जागा करून दिली. "मी तर रात्रभर झोपलो नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला काय, इतका अनुभव. तुम्हाला भीती नसेल वाटत."

तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. तळहात ओले झाले होते, आणि चामड्यावर बोटांचे ठसे उमटत होते नि विरत होते.

तिचा क्रमांक आला तेव्हा सव्वाचार वाजले होते. खोलीत तिघे होते. विभागप्रमुख, तिचे नियोजित मार्गदर्शक, वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान आणि तिच्या बाजूचे, आणि बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई, आखूड पांढऱ्या केसांच्या, ज्यांनी तिच्या नमस्काराला मान हलवली आणि पुन्हा तिच्या आराखड्यात डोके घातले. पहिली वीस मिनिटे प्रश्न विचारले ते पुरुषांनीच. उपकरणे कोणती, कधी बदलली, टेकडीखालची वस्ती वाढली त्याचा परिणाम कसा वेगळा काढणार. हे सारे तिला येत होते. तिचा आवाज हळूहळू जागेवर आला. मार्गदर्शक तर खुर्चीत मागे रेलून, आता काय राहिले, अशा मुद्रेने बसले.

तेव्हा बाईंनी आराखडा मिटला.

"एक विचारू? एकोणचाळीस वर्षं. दिवसाला दोन नोंदी. आणि एकही रकाना रिकामा नाही?"

"नाही."

"मी तीस वर्षं अशा वह्या बघतेय. माणूस आजारी पडतो, कुणाच्या लग्नाला जातो, कुणाला पोचवायला जातो. त्या दिवशी वहीला भोक पडतं. चांगल्या वहीलासुद्धा." त्यांचा स्वर आरोपाचा नव्हता, म्हणूनच तो अधिक भयंकर होता. "तुमच्या घरात कुणी कधी आजारी पडलं नाही का?"

मार्गदर्शक सरळ होऊन बसले होते. नाही म्हणणे शक्य होते. अजूनही शक्य होते. तिने तोंड उघडले, आणि पेटीच्या दारापाशी उभे राहावे तसा तिचा श्वास आपोआप रोखला गेला. त्या रोखलेल्या श्वासातच तिने पर्स उघडली, कागद काढला आणि टेबलावर ठेवला. चारही घड्या तिला उघडता आल्या नाहीत. शेवटची विभागप्रमुखांनी उघडली.

"हे काय?"

"या सतरा दिवशी मी वर गेले नव्हते. आकडे माझ्या मनचे आहेत."

विभागप्रमुखांनी तारखा बोटाने मोजून पाहिल्या.

"बाई," विभागप्रमुख अखेर म्हणाले, "हे तुम्ही लेखी देताय. तुमच्या कार्यालयाला कळवावं लागेल आम्हाला. याचा अर्थ समजतोय ना?"

"हो."

"मग कशाला दिलंत?"

मार्गदर्शकांनी कपाळ चोळले. तज्ज्ञ बाईंनी मात्र तो कागद स्वतःकडे ओढला आणि एकेका तारखेवरून पेन्सिलीचे मागले टोक फिरवीत सगळा वाचला, जणू ती एखादी नेहमीचीच नोंदवही असावी.

"ही तुमची एकोणीस वर्षं आता मला वापरता येतील," त्या म्हणाल्या. "सतरा दिवस वजा केले की झालं. पण आधीच्या वीस वर्षांचं काय?"

"ती माझ्या सासऱ्यांची आहेत. त्यांची नोंद कधी चुकली नाही. प्रशस्तिपत्र आहे त्यांना."

"तेच म्हणतेय मी."

"त्यांचं तसं नाही हो." तिचा आवाज नको तितका चढला. "ते वेगळे आहेत."

"असतीलही. हयात आहेत?"

"आहेत. आज संध्याकाळी माझ्याऐवजी तेच नोंद घेणार आहेत."

"मग त्यांना विचारा. असतील तर तारखा द्या, नसतील तर तसं त्यांनी लिहून द्यावं, सहीनिशी. दोन दिवस थांबू आम्ही." बाईंनी कागद पुन्हा चार घड्यांत मिटला आणि तिच्या हाती दिला. "या यादीची तुमच्या हातची एक प्रत त्यासोबत जोडा. प्रवेशाचं त्यानंतर बोलू. अर्धी वही घेऊन मी कुणाला संशोधनाला बसवत नाही."

बाहेर तो तरुण डोळ्यांनीच विचारीत होता, कसे झाले म्हणून. ती त्याच्या खांद्याला हात लावून पुढे गेली. आपण वाचलो की बुडालो, ते तिला कळले नव्हते; कळले होते ते इतकेच, की सकाळपासून जिला ती भीती समजत होती ती भीतीची नुसती तालीम होती. स्वतःचा खोटेपणा परक्यांपुढे मांडणे निभले. पण ज्या माणसाने आपल्याला श्वास रोखायला शिकवले, त्याच्यापुढे उभे राहून, अण्णा, तुम्हीही कधी, असे कसे विचारायचे? ऐंशी ओलांडलेल्या माणसाला, त्याच्याच प्रशस्तिपत्राखाली? ते संतापले तर सोसता येईल. ते दुखावले तर? बसच्या खिडकीतून दुकाने, दिवे, घरी परतणारी माणसे मागे जात होती, आणि ती मनातल्या मनात तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत रचून बघत होती. प्रत्येक रचना आधीच्याहून वाईट वाटत होती.

ती टेकडीशी आली तेव्हा सहा वाजून गेले होते. घराला कुलूप होते. म्हणजे अण्णा अजून वरच. ती चौसष्ट पायऱ्या जवळजवळ धावत चढली.

वेधशाळेच्या खोलीचे दार उघडे होते. अण्णा मेजाशी बसले होते, काठी गुडघ्यांत, नोंदवही पुढे. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पश्चिमेकडच्या खिडकीतून येणारा उजेड वहीच्या पानावर तिरपा पडला होता.

"अण्णा, बरं आहे ना?"

"आलीस? मला काय धाड भरलीये." मग त्यांनी वही तिच्या बाजूला वळवली. "बघ. रागावू नकोस."

संध्याकाळचा रकाना रिकामा होता. शेजारी, शेऱ्याच्या जागी, एकेकाळच्या टपोऱ्या अक्षरांची थरथरती नातवंडे शोभावीत अशा अक्षरांत लिहिले होते: 'निरीक्षकास दशांश दिसला नाही. नोंद नाही.' आणि खाली सही.

एकोणचाळीस वर्षांतली ती पहिली रिकामी चौकट होती.

"वेळेवर चढलो हो मी. सव्वापाचला वर होतो," अण्णा म्हणाले. "दार उघडलं, श्वास धरला. सव्वीसपर्यंत दिसलं. पुढचं दिसेना. पुन्हा बघितलं. दोनदा, तीनदा. सव्वीस आणि काय, ते काही केल्या दिसेना."

"चष्म्याचा नंबर..."

"नंबर कसला. डोळेच संपले. दोन वर्षं झाली, तुम्हाला सांगितलं नाही." ते थोडे थांबले. "घालावा का अंदाजानं एक आकडा, असं आलं मनात. लेखणी टेकवलीसुद्धा होती. हा बघ ठिपका."

रकान्याच्या कोपऱ्यात शाईचा एक बारीक ठिपका होता.

"मग?"

"मग काय. तू तिथे परीक्षेला बसलेली." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काय म्हणाले ते लोक?"

बसमध्ये रचलेले सगळे शब्द तिला सोडून गेले. तिने पर्स उघडली. कागद त्यांच्यापुढे ठेवला, आणि लगेच ध्यानात आले, की त्यांना तो दिसणार नाही. त्यांनी बोटांनी घड्या चाचपल्या.

"वाच," ते म्हणाले.

परीक्षकांपुढे तिला कागद नुसता टेबलावर ठेवता आला होता. इथे तो तोंडाने म्हणावा लागणार होता. ती उभ्यानेच वाचू लागली. दिवस, महिना, वर्ष. अण्णांनी ही यादी कसली म्हणून विचारले नाही. ते खाली मान घालून, पूर्वी ती आकडे सांगे आणि ते पडताळून पाहत तसे ऐकत होते. आईच्या आजारपणाच्या तारखेला त्यांनी मान किंचित हलवली. नाटकाच्या तारखेला त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. कंटाळ्याच्या तारखेला ती क्षणभर अडखळली, आणि तीही वाचून तिने कागद खाली ठेवला. आता पुढचे विचारायचे होते. आता.

"अण्णा, ते म्हणतात की..."

"सतराच?" अण्णांनी विचारले.

खिडकीतला उजेड पानावरून मेजाच्या कडेला उतरला होता. तिने त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ना संताप होता, ना दुःख. पायऱ्या चढून आलेल्या माणसाला पाठ टेकायला मिळावी, तसे काहीतरी होते.

"माझ्या जास्त असतील," ते म्हणाले. "बस. लेखणी घे. मला दिसत नाही आता, पण तोंडपाठ आहेत."

ती स्टुलावर बसली. कागद उलटा केला. मागली बाजू कोरी होती. लेखणी हातात घेतली तेव्हा आपण श्वास रोखला आहे, हे तिच्या ध्यानात आले.

अण्णांनी डोळे मिटले. त्यांना शोधावे लागले नाही. त्यांनी पहिली तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष, एकेक शब्द सुटा.

ती तारीख वहीत पडताळून पाहण्याची तिला गरज नव्हती. बावीस वर्षे तिच्या घरात त्या दिवशी सकाळपासून वाढदिवसाचे फोन वाजत आले होते.

तिने ती लिहिली.

"आकडा काय घातला होता, तोही सांगू?" अण्णांनी विचारले.

"नको," ती म्हणाली. "पुढची सांगा."